गार्डसाहेबांचं चिखलातलं इंजिन

गार्डसाहेबांना पुढं तोंड करून बसायला आवडत नसे. टांग्यात त्यांची जागा मागची, पाय पायरीवर आणि नजर मागं पळणाऱ्या रस्त्यावर. एस.टी.त ड्रायव्हरच्या पाठीला लागून एक उलटं बाकडं असायचं. त्यावर बसायला कुणी राजी नसे, पण हे तिथं ऐसपैस बसत आणि अख्ख्या गाडीतल्या माणसांची तोंडं न्याहाळत प्रवास करत. घरी ओसरीवरची आरामखुर्चीसुद्धा अशी मांडलेली की येणारा माणूस दिसू नये, गेलेला दिसावा. मी एकदा कारण विचारलं.

"येणारा काय, येतोच," ते म्हणाले. "जाणाऱ्याकडं ध्यान ठिवावं लागतं. मागचा डबा सुटला तर पुढच्याला पत्ता नसतो, सायन्सबाई."

उभी हयात त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. दौंड-मनमाड रस्त्यावरची अशी एकही बाभळ नसेल की जी त्यांनी पाठमोरी पाहिली नाही. मी श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला रुजू झाले तेव्हा ते नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. त्यांच्या घरामागची एक खोली मला भाड्यानं मिळाली, आणि भाड्याबरोबर 'सायन्सबाई' हे नावही मिळालं. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला जगातलं सगळं शास्त्र येतं अशी त्यांची भाबडी समजूत होती. ती मोडायचा मी प्रयत्न केला, पण त्यात मला यश आलं नाही.

नोकरी संपली तरी गार्डपण संपलं नव्हतं. कोटाच्या खिशात घड्याळ, गळ्यात शिट्टी, आणि ओसरीच्या खुंटीला एक लाल आणि एक हिरवं निशाण. मावशी, म्हणजे त्यांची बायको, बाजाराला निघाल्या की हे घड्याळ बघून हिरवं निशाण दाखवत. मावशी निशाणाकडं ढुंकून न बघता जात, पण ते दाखवल्याशिवाय फाटक ओलांडत नसत. रविवारी देवळात पाद्रीसाहेबांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून "लेट" असा एक शब्द सगळ्यांना ऐकू येईलसा निघे. सकाळी मी शाळेला निघाले की माझ्यासाठीही शिट्टी व्हायची. एकदा छत्री विसरले म्हणून दारातनं परत फिरले आणि छत्री घेऊन पुन्हा निघाले, तर शिट्टी नाही. मी सहज त्यांच्याकडं पाहिलं.

"गाडी सुटली म्हंजी सुटली," ते म्हणाले. "परत आली ती दुसरी गाडी. तिला टाइम लावलेला न्हाई."

या शिस्तीच्या माणसाला एकच बेशिस्त छंद होता, रानबदकांच्या शिकारीचा. थंडी पडली की कालव्याच्या पाण्यानं भरणाऱ्या आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर उत्तरेकडची बदकं उतरायची. त्या काळी परवाना असला की शिकार करता येई. गार्डसाहेबांनी बंदुकीचा परवाना काचेच्या चौकटीत घालून प्रभूच्या तसबिरीशेजारी टांगला होता. होडी त्यांनी स्वतः पत्र्याची ठोकून घेतलेली, सपाट तळाची, दोन माणसं मावतील एवढी. त्याआधी म्हणे त्यांनी गुऱ्हाळातली जुनी काहील वापरून पाहिली होती, गूळ शिजवायची ती अवाढव्य कढई. पुरात लोक काहिलीतनं नदी ओलांडतात, मग तळं काय अवघड, असा हिशेब. पण काहील गोल. बंदुकीचा बार उडाला की धक्क्यानं ती गर्रकन फिरायची, आणि धूर विरेपर्यंत साहेबांचं तोंड गावाकडं झालेलं असायचं.

"बदक पडलं का न्हाई, ते मला कधी कळलंच न्हाई," ते सांगायचे. "पण माझा अंदाज असा हाय, की लई पडली असतील."

मावशींचा अंदाज वेगळा होता. "पिसं काढायची तर मलाच असतात ना," त्या म्हणायच्या. "मला म्हाईत हाय किती पडली."

होडी चालवायला तळ्याकाठचा एक तरबेज गडी होता. बांबू गाळात रोवायचा आणि होडी पुढं ढकलायची, हे त्याचं काम. मी आले त्याच वर्षी तो साखर कारखान्यात कायमचा लागला आणि गार्डसाहेब काठावर बसले. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा बंदुकीचे दणके खाऊन निकामी झालेला, हात छातीच्या वर जात नसे. वल्ही मारायची सोयच नाही, कारण तळं कसलं, गुडघाभर पाणी आणि खाली पुरुषभर गाळ. त्यात पाणकणसांचं रान. त्या थंडीत ते रोज सकाळी सायकलीवरून तळ्यावर जात, बदकं बघत आणि परत येत. आल्यावर बोलत नसत. मावशी मला म्हणाल्या, "ह्यांचं असंच राहिलं तर हे खुर्चीतच संपतील गं." आणि खरंच, त्या दिवसांत मला शाळेला जाताना शिट्टीही ऐकू येत नव्हती.

मग एके दिवशी ते भंडारदऱ्याहून आले ते उड्या मारतच. कुणाच्या तरी लग्नाला अकोले तालुक्यात गेले होते, तिथनं धरण बघायला गेले आणि तिथं त्यांनी इंजिनाची लाँच पाण्यावर धावताना पाहिली. परतीच्या एस.टी.त त्यांच्या समोर (म्हणजे बाकीच्यांच्या रांगेत) एक निवृत्त फौजी बसला होता. त्यानं सांगितलं की पूर्वेकडच्या देशांत चिखलात चालणाऱ्या होड्या असतात. लहान इंजिन होडीच्या मागच्या काठावर बसवायचं, त्याला लांबलचक दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. पंखा पाण्यात असो की गाळात, होडी पुढं सरकते. अडला तर दांडा वर उचलायचा.

"इंजिन मागं!" गार्डसाहेब मला सांगत होते, आणि त्यांचे डोळे अक्षरशः चमकत होते. "सायन्सबाई, इंजिन मागं असतंय! आयुष्यभर ते पुढं आन् मी मागं. आता मी जिथं, तिथं इंजिन."

नवं इंजिन घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा जुनं बघायचं ठरलं. आणि पारख करायला मी.

"इंजिनाचं वजन पाण्यात कमी होतं ना?" त्यांनी विचारलं.

"बुडाल्यावर होतं."

"मग चिंता न्हाई."

"अहो, पण बुडाल्यावर!"

"तुमी शास्त्र सांगा, बाई. बुडायचं का न्हाई ते मी बघतो."

मी मावशींना स्पष्ट सांगितलं की फोर-स्ट्रोक इंजिन मला फक्त फळ्यावर काढता येतं, रंगीत खडूंनी. मावशी म्हणाल्या, "मग ड्रायव्हरला न्या." आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

ड्रायव्हरकाका आमच्याच आळीच्या दुसऱ्या टोकाला राहत. गार्डसाहेबांच्या पुढं कितीतरी वर्षं गाडी हाकलेली. धिप्पाड देह, कोळशानं कायमची काळी झालेली नखं, आणि सहा घरं पलीकडं ऐकू जाणारा आवाज. एके काळी दोघांचा एक डबा, एक तंबाखू. आता दोघं समोरासमोर आले की एक जण रस्त्याची कड बदलायचा. कारण मावशींनी मला भाकरी थापता थापता सांगितलं.

चितळी स्टेशनाच्या अलीकडं उसाच्या फडाशेजारी एकदा मालगाडी मधेच थांबली. बराच वेळ थांबली. ड्रायव्हरकाकांचं म्हणणं, रुळांवर म्हैस आडवी बसली होती आणि उठेना. पण थांबलीच आहे गाडी म्हणून फायरमननं चार ऊस मोडून आणले, आणि ते मात्र मागनं गार्डसाहेबांनी पाहिले. चौकशी झाली. वरच्या साहेबानं विचारलं, म्हैस होती का? गार्डसाहेब म्हणाले, "मला दिसली न्हाई." ऊस? "दिसला." खोटं ते बोलूच शकत नसत. ड्रायव्हरकाकांना त्या वर्षी मेलगाडी मिळायची होती. ती मिळाली नाही, आणि पुढंही कधी मिळाली नाही. मालगाडीवरच ते निवृत्त झाले.

"तेव्हापासनं बोलणं बंद," मावशी म्हणाल्या. "हे म्हणतात, मी दिसलं तेवढंच सांगितलं. ते म्हणतात, ह्याला सगळ्या जन्मात माझ्या पाठीपलीकडचं काही दिसलंय का?"

मी ड्रायव्हरकाकांकडं गेले. माझी अपेक्षा होती की ते मला हाकलून देतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "येतो. पर त्याच्याशी बोलणार न्हाई. जे काय सांगायचं ते तुमाला सांगीन."

असे आम्ही तिघं इंजिन शोधायला निघालो. टांग्यात पुढं ड्रायव्हरकाका, मागं गार्डसाहेब, मधे मी.

"सायन्सबाई, त्यांना विचारा, इंजिन किती घोड्यांचं लागेल?"

मी पुढं वळून विचारलं. त्यांना ऐकू गेलं होतंच, पण मी संपूर्ण विचारेपर्यंत ते थांबले.

"बाई, त्यांना सांगा, घोडं बघून सांगतो."

पहिलं इंजिन प्रवरेच्या काठावर एका शेतकऱ्याच्या विहिरीवर होतं, रॉकेलवर चालणारं. ते बघताच ड्रायव्हरकाकांचा चेहरा उतरला, आणि तोवर मला न कळलेलं आता कळलं, की त्यांना फक्त वाफेचं इंजिन माहीत होतं. त्यांनी रॉकेलच्या टाकीवर हात ठेवला, एका बाजूनं वाकून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई, ह्यात पाणी कुठं उकळतं?"

"ह्यात उकळत नाही, काका."

"मंग हे चालतंय कशाच्या जिवावर?"

थोडक्यात, एकाला इंजिनाची फक्त मागची बाजू ठाऊक, दुसऱ्याला वाफ, आणि तिसरीला रंगीत खडू. शेतकऱ्यानं गार्डसाहेबांना विचारलं, "होडी केवढी हाय तुमची?" त्यांनी हात पसरून दाखवली. शेतकऱ्यानं होडी आणि इंजिन मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहिलं.

"ह्ये उचलाया चार गडी लागत्यात," तो म्हणाला. "तुमी असं करा, इंजिनातच होडी ठिवा."

दुसरं इंजिन नगरला, एका भंगारवाल्याकडं. लष्कराच्या लिलावातलं, असं त्याचं म्हणणं. एका मेजरसाहेबानं फक्त रविवारी वापरलेलं. "रविवारी?" गार्डसाहेबांनी संशयानं विचारलं. "रविवारी मेजर देवळात जाईल का इंजिन फिरवील?" भंगारवाल्यानं दोरी ओढली. एकदा, दोनदा, चारदा. मग एक मोठा ढेकर निघाला आणि धुराच्या नळीतून काळा धूर, त्यामागं कापसाचा बोळा, चिंध्या, सुतळीचा तुकडा, आणि सगळ्यात शेवटी एक उंदीर बाहेर आला. तो थांबून आमच्याकडं रागानं बघत राहिला.

"बाई, त्यांना सांगा," ड्रायव्हरकाका म्हणाले, "ह्यात बिऱ्हाड हाय."

तिसरं इंजिन राहात्याच्या बाजूला जत्रेत भेटलं. फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. मालकानं नवं मोठं इंजिन पुण्याहून मागवलं होतं, जुनं लहान पेट्रोलचं विकायला काढलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दिवस नुकता मावळलेला, पहिला खेळ सुरू होता आणि त्याच इंजिनावर चालू होता. "चालू इंजिन बघा," मालक म्हणाला. "झाकून दाखवायचं आपल्याकडं न्हाई."

तंबूच्या मागं, एका लाकडी पेटीवर ते धडधडत होतं. पेटीएवढंच. दोन माणसांनी सहज उचलावं असं. गार्डसाहेब त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

"हे काय करतायत?" मालकानं मला विचारलं.

"पारख," मी म्हणाले.

ड्रायव्हरकाकांनी मला सांगितलं की त्यांना सांगा, जोर कमी-जास्त करून बघा. मी सांगितलं. गार्डसाहेबांनी वळून, दिसला तो खटका मागं ओढला. इंजिन मंदावलं. तंबूत पडद्यावर एक म्हातारी आई मुलासाठी रडत होती. ती एकाएकी भारदस्त पुरुषी आवाजात, संथपणे, म्हशीसारखी हंबरू लागली. "आता जास्त," ड्रायव्हरकाका म्हणाले. गार्डसाहेबांनी खटका पुढं ढकलला आणि आई चिमणीच्या आवाजात चिवचिव करत भराभरा रडली, मुलगा भराभरा तिच्या पाया पडला, भराभरा आगगाडीत बसून निघून गेला. तंबूत हलकल्लोळ झाला. शिट्ट्या, टाळ्या. "पुन्यांदा!" "त्या म्हातारीला पुन्यांदा रडवा!" मालक दोन्ही हात जोडून धावत आला.

"साहेब, हे इंजिन न्या. आत्ता न्या म्हणलं तरी चालंल, पर हात लावू नका."

"बंद कसं करायचं?" मी विचारलं. तिघांत निदान एक शहाणा प्रश्न मी विचारला, याचं मला आजही समाधान आहे.

मालक जरा घुटमळला. "बंदचा खटका मोडलाय. पर सोपं हाय. ओलं पोतं हवेच्या तोंडावर टाकायचं. गुदमरलं की गप."

ड्रायव्हरकाका तंबूकडं बघत म्हणाले, "बाई, त्यांना म्हणावं, घ्या. पोतं टाकून गप बसणारं आपल्या आळीत दुसरं कुनी न्हाई."

गार्डसाहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "घेतलं," ते म्हणाले. "इंजिन मागनंच ऐकावं. पुढनं काय, सगळीच बरी दिसत्यात."

गावातल्या लेथवाल्यानं दांडा बनवला, माझ्याहून लांब. टोकाला पत्र्याचा पंखा. होडीच्या मागच्या काठावर बिजागरी ठोकून इंजिन असं बसवलं की हातातली मूठ खाली दाबली की दांडा वर यावा. ते इंजिन पुढं बरीच वर्षं टिकलं. मावशींनी त्याच्यावर मिरचीसुद्धा दळवून घेतली. पण त्याच्या जोरावर एकही बदक पडलं नाही, आणि का पडलं नाही, ते पहिल्याच दिवशी कळलं.

रविवार होता. देवळातनं आम्ही थेट तळ्यावर. काठावर बरीच माणसं जमली होती, कारण लेथवाल्यानं गावभर सांगितलं होतं. ड्रायव्हरकाका "नुसतं बघायला" आले होते. होडी पाण्यात लोटली, गार्डसाहेब बंदूक घेऊन मागं बसले आणि इंजिनाच्या नि त्यांच्या भारानं होडीचं तोंड आभाळाकडं वर आलं. माझ्यातली शिक्षिका जागी झाली. "पुढं वजन हवं," मी म्हणाले. "तरफेचा नियम आहे."

सगळ्यांच्या नजरा ड्रायव्हरकाकांच्या देहाकडं वळल्या. त्यांनी बराच वेळ पाण्याकडं पाहिलं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "त्यांना सांगा, मी वजन म्हणून बसतोय. माणूस म्हणून न्हाई."

ते पुढं बसले. पत्रा गार लागला म्हणून शेजारी होतं ते पोतं त्यांनी बुडाखाली घेतलं. गार्डसाहेबांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली आणि दोरी ओढली.

असा आवाज त्या तळ्यानं कधी ऐकला नसेल. पाणकणसांतून, पाण्यावरून, पलीकडच्या काठावरून झाडून सारी बदकं उठली आणि आभाळ काळं करून गोदावरीच्या दिशेनं निघून गेली. गार्डसाहेबांना त्याचं भान नव्हतं. ते इंजिनाकडं तोंड करून बसले होते, होडी मागं पांढरा फेस काढत सुटली होती आणि ते लांब जाणाऱ्या आम्हांला हिरवं निशाण दाखवत होते. तोंडभर हसत होते. इतकं हसलेलं मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढं बसलेल्या ड्रायव्हरकाकांना मात्र गाळाचा उंचवटा दिसला. तळ्याच्या मधोमध पाण्याच्या अगदी पातळीला आलेला, काळा, तुळतुळीत. होडी सरळ त्याच्यावर चालली होती. ते मागं वळले नाहीत. काठाकडं हात करून गर्जले, "बाई! त्यांना सांगा, डावीकडं!"

मी तोंडापुढं हात धरून ओरडले, "गार्डसाहेब! डावीकडं!"

गार्डसाहेबांनी डावीकडं वळवली. पण ते उलटे बसलेले. त्यांची डावी ती ड्रायव्हरकाकांची उजवी. होडी उंचवट्याच्या कडेवर जायची ती आता त्याच्या सगळ्यांत जाड भागाकडं निघाली.

"बाई! त्यांना सांगा, दुसरी डावी!"

"दुसरी डावी!" मी ओरडले. शेजारचे चार-पाच जणही ओरडले. काय कळलं कुणास ठाऊक, गार्डसाहेबांना निदान एवढं कळलं की इंजिन बंद करायला हवं. ते चाचपडले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"सायन्सबाई!" त्यांची हाक आली. "त्यांना म्हणावं, पोतं द्या!"

"काका! पोतं!"

"कसलं पोतं?"

"तुमच्या खाली!"

ड्रायव्हरकाका पोतं काढायला उठले, आणि नेमक्या त्याच क्षणी होडी गाळात घुसून जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरकाका थांबले नाहीत. पोत्यासकट, हात पसरून, ते होडीच्या तोंडावरून पुढं गेले आणि चांगल्या चार हातांवर गाळात उभेच्या उभे रुतले. कमरेपर्यंत. मागं पंखा चिखल उडवत होता आणि गार्डसाहेब डोक्यापासून पायापर्यंत काळे झाले होते.

लोक आधी हसले. मग दिसलं, ड्रायव्हरकाका सावकाश खाली चालले आहेत. हसणं बंद झालं. काठावरचे दोघं दोर आणायला वस्तीकडं पळाले.

गार्डसाहेब वळले. पुढं तोंड करून गुडघ्यांवर बसले, मागं हात टाकून मूठ धरली आणि दांडा गाळात दाबला. खांदा दुखत असणार, कारण त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. इंजिन कण्हलं, पंखा गाळात फिरला, आणि होडी खरोखरच सरकली. बोटबोट, चिखल चघळत, त्या काळ्या उंचवट्यावर चढली आणि ड्रायव्हरकाकांच्या हाताच्या अंतरावर आली. त्यांनी चिखलानं भिजलेलं पोतं गार्डसाहेबांकडं भिरकावलं. ते इंजिनावर पडलं. इंजिन खोकलं आणि गप झालं.

तळ्यावर एकदम शांतता झाली. त्यामुळं पुढचा शब्द न् शब्द काठावर ऐकू आला.

"हात दे!" गार्डसाहेब म्हणाले.

"काका, हलू नका!" मी ओरडले. "मागं रेला!"

"बाई, तुमी मधी पडू नका!" ड्रायव्हरकाका गरजले. मग गार्डसाहेबांकडं बघून म्हणाले, "आदी सांग. म्हैस होती का न्हवती?"

"अरे, बुडतोयस तू!"

"बुडू दे. म्हैस होती का न्हवती?"

"मला दिसली न्हाई तर मी कसं म्हणू? दिसलं तेवढंच मी—"

"हा गाळ दिसला हुता का तुला?"

गार्डसाहेबांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला. "न्हाई," ते म्हणाले.

"मंग? हाय का न्हाई गाळ?"

गार्डसाहेबांनी पाहिलं. गाळ ड्रायव्हरकाकांच्या छातीला लागला होता. जन्मात ज्या माणसानं न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष दिली नव्हती, तो माणूस चिखलानं माखलेल्या तोंडानं मोठमोठे श्वास घेत होता.

"हाय," ते म्हणाले.

"आन् म्हैस?"

"होती!" गार्डसाहेब ओरडले. "होती रे बाबा! मी मागं बसलो होतो, तू पुढं होतास. होती म्हैस! आता तरी हात दे, लेका!"

ड्रायव्हरकाकांनी दोन्ही हात दिले. गार्डसाहेबांनी निकामी खांद्यासकट ओढलं. चिखलानं एक मोठा मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि ड्रायव्हरकाका होडीत येऊन पडले, पायांतल्या वहाणा मात्र तळ्यालाच देऊन. काठावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

इंजिन काही पुन्हा सुरू होईना. त्याच्या तोंडात चिखल गेला होता. दोर आणायला गेलेली माणसं अजून आली नव्हती. दोघं तसेच होडीत अडकून बसले, उन्हात चिखल वाळत चाललेले. मग ड्रायव्हरकाका काहीतरी म्हणाले, गार्डसाहेबांनी मान हलवली. मग गार्डसाहेबांनी काहीतरी विचारलं. थोड्या वेळानं दोघंही एकदम बोलायला लागले, एकमेकांना थांबवत, एकमेकांच्या गुडघ्यावर थापा मारत. तंबाखूचा डबा निघाला, तोही चिखलानं भरलेला, म्हणून दोघांनी मिळून त्याला शिव्या दिल्या.

आणि इतका वेळ तळं शांत राहिल्यामुळं बदकं परत आली. आधी चार, मग थवेच्या थवे, पंख आखडून, पाण्यावर घसरत. होडीच्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, तोंडासमोर, हात लांब केला तर लागतील अशी. एवढ्या जवळ, एवढी बदकं गार्डसाहेबांच्या उभ्या आयुष्यात आली नसतील. बंदूक त्यांच्या पायाशी पडली होती. मला राहवेना.

"गार्डसाहेब!" मी दबक्या आवाजात, पण पोचेल अशी हाक मारली. "बदकं! बदकं!"

त्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला आणि मला गप केलं. समोर ड्रायव्हरकाका दोन्ही हात लांबवर पसरून त्यांना म्हशीची शिंगं केवढी होती ते दाखवत होते.